पहार हाती आली, पण टेकू?



तरफेचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. मोठा धोंडा हलवायचा असेल तर लांब पहार घ्यावी, धोंड्याजवळ टेकू द्यावा आणि दुसऱ्या टोकावर जोर लावावा. पहार जितकी लांब, तितका जोर कमी पुरतो. पण टेकूच नसेल तर? मग पहार कितीही लांब असो, तिचे टोक मातीत रुतते आणि धोंडा जागचा हलत नाही. मनाच्या आरोग्यासाठी मोबाइलवर चालणारी जी साधने हल्ली तयार होत आहेत, त्यांच्या बाबतीत पुष्कळदा असेच घडताना दिसते.

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अधूनमधून येतो. पूर्वी तिथे ज्वालामुखी, पाणचक्की आणि सौरचूल यांची गर्दी असे. आता एखादा तरी गट 'मनाचा ताण ओळखणारे ॲप' घेऊन उभा असतो. दहा-बारा प्रश्न विचारायचे, उत्तरांचे गुण मोजायचे आणि पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवायचा, अशी त्याची रचना असते. मुलांची तळमळ खरी असते, कामही नेटके असते. मी मात्र एकच प्रश्न विचारते, "लाल दिवा लागला. आता पुढे काय?" "डॉक्टरांकडे जा असे ॲप सांगेल," असे उत्तर बहुधा मिळते. कोणते डॉक्टर, किती दूर, त्यांना वेळ आहे का, याचा विचार झालेला नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : पैसा, माणसे आणि वेळ कमी असताना असे साधन करायचे असेल, तर ऐकणारा माणूस आधी ठरवावा आणि ॲप त्याच्या मदतीसाठी करावे. हे का, ते आता पाहू.

टंचाई नेमकी कशाची?

बंगळुरूच्या 'निमहान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असे तीत आढळले. १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड भरत नाही.

मोबाइल मात्र पाड्यापाड्यावर पोहोचला आहे. तेव्हा तज्ज्ञाचे काम मोबाइलकडूनच करून घ्यावे, असा विचार मनात येणे साहजिक आहे. हा विचार नवाही नाही. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला. टंकलेखन करून काही सांगितले, की तो तुमचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्न म्हणून परत विचारी. त्याला कशातले काही कळत नव्हते. तरीही माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. हे पाहून वायझेनबॉम आनंदित होण्याऐवजी अस्वस्थ झाले आणि १९७६ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तकच लिहिले. आजचे संगणक-कार्यक्रम एलायझापेक्षा कितीतरी चतुर आहेत. पण रात्री घाबरलेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलणे त्यांना आजही जमत नाही.

पेठ तालुक्यातील प्रयोग

यावर वेगळा मार्ग शोधण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या नाशिक जिल्ह्यातच झाला. नाशिकच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून पेठ तालुका आहे. डोंगराळ मुलूख, धो धो पाऊस, विखुरलेले पाडे आणि बहुसंख्य आदिवासी वस्ती. तेथील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम राबवला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य, कायदा व धोरण यांविषयीचे केंद्र त्यामागे होते.

या उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक निवडण्यात आले. त्यांचे दोन स्तर होते. पहिला 'आत्मीयता मित्र' यांचा. कोणी खचलेला दिसला, कोणाचे खाणेपिणे सुटले, कोणी घराबाहेर पडेनासा झाला, तर ते ओळखायचे आणि दुसऱ्या स्तरावरच्या 'चॅम्पियन'ला कळवायचे, हे मित्राचे काम. चॅम्पियनला अधिक प्रशिक्षण दिलेले असे. त्याने त्या माणसाची भेट घ्यायची, शांतपणे ऐकायचे, अडचणीची फोड करून त्यातून वाट काढायला मदत करायची. आजार मोठा वाटला तर दवाखान्याची वाट दाखवायची आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यासही हातभार लावायचा. कारण पुष्कळदा मनाच्या ओझ्याखाली कर्ज, बेकारी किंवा घरातले भांडण दडलेले असते.

आणि मोबाइल? तो होता, पण चॅम्पियनच्या हातात. शिकलेले पुन्हा पाहून घ्यावे आणि गावकऱ्यांना लहान चित्रपट दाखवून बोलण्याला सुरुवात करावी, यासाठी स्मार्टफोनचा उपयोग केला गेला. लक्षात घ्या, फोनने कोणाचे निदान केले नाही. ऐकणाऱ्या माणसाचा हात त्याने लांब केला. येथे टेकू आधी रोवला गेला आणि मग पहार आणली गेली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पावसाळ्यात पाड्यांवर पोहोचणे कठीण होई, काही स्वयंसेवक मध्येच काम सोडून जात, सरकारी मानसिक आरोग्यसेवेतील काहींचे सहकार्य मिळवतानाही अडचणी आल्या. या अडचणी संबंधितांनी स्वतःच आपल्या शोधनिबंधात नोंदवल्या आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे हाच उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत नेण्यात आला. तिथे गावांचे गट पाडून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे क्रम ठरवून, एकेका गटात टप्प्याटप्प्याने काम सुरू केले. ज्या गटात काम सुरू झाले आणि ज्यात अजून व्हायचे होते, त्यांची तुलना केली. चॅम्पियनची मदत मिळालेल्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेजारच्या गोव्यातला अनुभवही असाच आहे. तेथे १९९६ पासून 'संगाथ' ही संस्था काम करते. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना त्यासोबत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. या बैठकांचे तत्त्व तुम्हाला सहज कळेल. मन खचले की माणूस नेहमीची कामे, भेटीगाठी सोडतो. ती सुटली की मन आणखी खचते. हे चक्र तोडायचे, तर मन बरे होण्याची वाट न पाहता आधी छोटी छोटी कामे ठरवून करायला लावायची. तीन महिन्यांनी पाहता, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर पडले होते, तर नेहमीच्या सेवेतले ३९ टक्के. हा निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्यानंतर संगाथने हाच अभ्यासक्रम मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून शिकवून पाहिला. येथेही यंत्राची नेमणूक ऐकणाऱ्याला तयार करण्यासाठीच झाली.

गणित करून पाहू

"पण निदान कोणाला त्रास आहे हे तरी ॲप शोधून देईल ना?" असे तुम्ही विचाराल. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, एका शाळेत १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ७ टक्के, म्हणजे ७० जणांना खरोखर मदतीची गरज आहे. समजा, आपले ॲप शंभरातल्या ८० वेळा बरोबर सांगते. गरज असलेल्या १०० पैकी ८० जणांना ते ओळखते आणि गरज नसलेल्या १०० पैकी ८० जणांना 'ठीक' म्हणते. ऐकायला हे ॲप चांगले वाटते. आता हिशेब मांडा.

गरज असलेल्या ७० पैकी ५६ जणांवर लाल दिवा लागेल आणि १४ निसटतील. गरज नसलेले ९३० आहेत. त्यांतल्या २० टक्क्यांवर, म्हणजे १८६ जणांवर उगाच लाल दिवा लागेल. एकूण लाल दिवे २४२. त्यांतले खरे ५६, म्हणजे चारांत एकाहूनही कमी!

आता या २४२ मुलांशी बोलायचे कोणी? प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचे तर १२१ तास लागतील. शाळेत एखादी समुपदेशक ताई असली आणि ती रोज पाच मुलांशी बोलू शकली, तरी ४९ दिवस लागतील. तोवर 'माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे' या भीतीने १८६ मुले धास्तावलेली राहतील. आणि जे १४ निसटले, ते 'ॲपने तर हिरवा दिवा दाखवला' म्हणून गप्प बसतील. त्यांची काळजी मला सर्वांत जास्त वाटते.

म्हणजे चाचणी घ्यायचीच नाही का? तसे नाही. चाळणी किती बारीक ठेवायची हे चाळल्यावर उरलेले निवडायला किती हात आहेत यावर ठरते. हात दोन असतील तर धान्याचे पोते एकदम चाळणीत ओतू नये.

भाषा हेही उपकरणच

प्रयोगशाळेत मोजपट्टी वापरण्याआधी आपण तिची शून्यत्रुटी पाहतो. प्रश्नावली हेही मोजण्याचे उपकरण आहे आणि तिची शून्यत्रुटी बहुधा भाषेत असते. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ती विनामूल्य वापरता येते, ही मोठी सोय. पण तिचे भाषांतर शब्दकोश उघडून करता येत नाही. "तुम्हाला नैराश्य जाणवते का?" असे पेठच्या एखाद्या आजींना विचारले तर त्या काय सांगणार? त्या म्हणतील, जीव घाबरा होतो, डोके जड होते, कशात मन लागत नाही. म्हणून दुखणे ज्या शब्दांत सांगितले जाते, त्याच शब्दांत प्रश्न विचारायला हवा.

आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात हे फार सुंदर रीतीने केले गेले. तेथील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फार विचार करत राहणे'. लोकांच्या अशाच बोलीवरून १९९० च्या दशकात १४ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. त्या कामात मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल होते. गोव्याच्या संगाथच्या संस्थापकांतही तेच आहेत. पुढे हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाक मांडले आणि प्रशिक्षित आजीबाईंना त्यावर बसवले. लोक येतात, बाकावर बसतात आणि आजीपाशी बोलतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकांचा उपयोग सिद्ध झाला. लाकडी बाक आणि चौदा प्रश्न, एवढ्यावर उभे राहिलेले हे साधन आहे. यंत्र सुचण्याआधी बाक सुचणे ही मोठी बुद्धिमत्ता आहे, असे मला वाटते.

जड ॲप आणि हलके ॲप

आता समजा, ऐकणारी माणसे ठरली, त्यांचे प्रशिक्षण झाले. मग यंत्र कसे असावे? येथे तुमचे भौतिकशास्त्र कामाला येते.

दहा मिनिटांचा चित्रपट सेकंदाला ५०० किलोबिट या वेगाने भरला, तर तो ३०० मेगाबिट, म्हणजे सुमारे ३७ मेगाबाइट होतो. डोंगराआडच्या गावात सेकंदाला ५० किलोबिटच मिळत असतील, तर तो उतरवायला ६,००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे लागतील. तोच चित्रपट तालुक्याच्या गावी फोनमध्ये भरून आणला आणि पाड्यावर ब्लूटूथने सेकंदाला एक मेगाबिट वेगाने दुसऱ्याच्या फोनमध्ये दिला, तर पाच मिनिटांत काम होते आणि इंटरनेटचा एक पैसाही लागत नाही.

त्याहून हलका आवाज. सेकंदाला १६ किलोबिट वेगाने ध्वनिमुद्रित केलेला एका मिनिटाचा संदेश १२० किलोबाइटचा होतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो उत्तम. आणि सर्वांत हलका मजकूर. देवनागरीचे एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेते. साठ चिन्हांचे १४ प्रश्न म्हणजे सुमारे २,५०० बाइट, चित्रपटाच्या सुमारे पंधरा-हजाराव्या हिश्शाइतक्या वेळेत ते पोहोचतात. तेव्हा साधन करताना पहिला प्रश्न हा विचारावा : हेच काम याहून हलक्या मार्गाने होईल का? साधा बटणाचा फोन पुरेल का? कागदाची घडीपत्रिका पुरेल का?

दुसरी गोष्ट गुपिताची. मनातली गोष्ट फोनमध्ये लिहिली, की ती कुठे साठते, कोण वाचू शकते, हा प्रश्न येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. जी माहिती लागणार नाही ती घेऊच नये, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्का कुलूपबंद उपाय होय. नाव कशाला हवे? पत्ता कशाला हवा? नको असेल तर विचारू नका.

एक आक्षेप

काही शिक्षकमित्र म्हणतील, "हे सगळे खरे, पण प्रशिक्षित माणसे मिळेपर्यंत वाटच पाहत बसायचे का? काही नसण्यापेक्षा ॲप तरी बरे नाही का?" आक्षेप प्रामाणिक आहे. रात्री दोन वाजता जागा असलेला मुलगा समुपदेशकाच्या वेळेपर्यंत थांबू शकत नाही, हेही खरे.

पण त्यासाठी माणूस असलेली सोय आज आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भाषांत मिळते. साध्या फोनवरूनही चालते आणि पलीकडे बोलायला माणूस असतो. तुम्हाला स्वतःला किंवा तुमच्या मित्राला जगणे नकोसे वाटत असेल, तर कोणत्याही ॲपचे प्रश्न सोडवत बसू नका. हा क्रमांक लावा आणि जवळच्या एका विश्वासू मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. तुमच्या ॲपमध्येही हा क्रमांक पहिल्याच पडद्यावर, मोठ्या अक्षरांत असला पाहिजे.

राहिला प्रश्न 'काही नसण्यापेक्षा बरे' याचा. चुकीचा तापमापक नसण्यापेक्षा बरा असतो का? ताप असताना तो 'नाही' म्हणाला, तर तापमापक नसलेल्या आईपेक्षा तो असलेली आई अधिक गाफील राहील. माझे उत्तर तेवढेच आहे.

मग आपण काय करावे?

नाशिकच्या तरुणांना गरजेतून साधन घडवण्याची सवय नवी नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गर्दी, आरोग्य, स्वच्छता अशा प्रश्नांवर येथील विद्यार्थ्यांनी 'कुंभथॉन'मध्ये धडपड केली होती. तीच धडपड या विषयात जरूर करा. फक्त क्रम बदला.

तुमच्या गटाने पहिले दोन आठवडे संगणकाला हात लावू नये. शाळेत आणि गावात कोण कोण ऐकते याची यादी करावी : शिक्षिका, आशाताई, अंगणवाडीताई, एखादी आजी, वरच्या वर्गातला दादा. नावे गुप्त ठेवून त्यांना विचारावे, "मुले तुमच्याकडे कोणत्या शब्दांत सांगतात? तुम्हाला कशाची मदत हवी?" कोणी म्हणेल, ऐकून घेताना काय बोलू नये हे शिकायचे आहे. मग दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा. कोणी म्हणेल, कुठे पाठवायचे ते कळत नाही. मग जिल्ह्यातील सरकारी सेवांची खात्री केलेली यादी इंटरनेटशिवाय उघडेल अशी करा, आणि दर तीन महिन्यांनी ती तपासा. हे काम लाल-हिरव्या दिव्यांइतके चमकदार दिसणार नाही, पण उद्या ते वापरले जाईल.

गोव्यात संगाथने शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचा एक खेळ केला आहे. अडचण ओळखा, पर्याय काढा, करून पाहा, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. तो तयार करताना दिल्ली आणि गोव्यातल्या मुलांचे म्हणणे विचारात घेतले गेले, आणि खेळताना सोबतीला समुपदेशकाची मदत असेल अशी योजना केली गेली. तुमच्या वयाची मुले अशा कामात खरा वाटा उचलू शकतात, हे यावरून दिसते.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात असे ॲप समोर आले, तर त्याच्या रंगसंगतीला गुण देण्याआधी मुलांना त्यांच्या वहीतली ऐकणाऱ्यांची यादी दाखवायला सांगा. यादीत एक जरी खरा माणूस असेल, तर त्या गटाला पुढे न्या. यादी कोरी असेल, तर ती भरायला मदत करा, आणि जमल्यास पहिले नाव स्वतःचे लिहा.